वीस वाट्या म्युऑन

आमच्या अकोल्याची माणसं पुण्याला जातात ती मुलाच्या नोकरीपायी, गुडघ्याच्या ऑपरेशनला, नाहीतर कोणाच्या लग्नाला. मी आणि पुष्पा गेलो ते कण मोजायला. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो. उभ्या उभ्या सांगता येण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

आमची मुलगी स्नेहल पुण्यात पदार्थविज्ञानात एमएस्सी करते. शेवटचं वर्ष आहे. शनिवारी तिच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा होती. तिच्या मॅडमकडे पीएचडीसाठी एकच जागा होती, आणि प्रकल्प नीट उतरला तर ती स्नेहलला द्यायची असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. प्रकल्प असा: आकाशातून येणारे कण गच्चीवर किती येतात आणि त्यातले जमिनीखाली किती पोहोचतात ते मोजायचं. त्यासाठी स्नेहल आणि तिची मैत्रीण रूपाली यांनी हाताने एक पेटी बांधली होती. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात पेटीतला आपोआप नोंद ठेवणारा भाग जळाला आणि रूपालीला कांजिण्या आल्या. स्नेहलचा फोन आला, "बाबा, पेटी वाजते, दिवा लागतो, पण मोजायला माणसं नाहीत. तुम्ही दोघं याल का?"

मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करतो. मोजायला बोलावणं आलं आणि मी नाही म्हटलं, असं आजवर झालेलं नाही.

बुधवार, विश्रांतवाडी

पुणे स्टेशनबाहेरच्या बसथांब्यावर एका गृहस्थांना विचारलं, "विश्रांतवाडीची बस इथूनच जाते का?"

"जाते."

"आता येईल का?"

"ते तिला विचारा."

आमच्याकडे पत्ता विचारला तर माणूस दोन चौक सोबत येतो, वाटेत आडनाव विचारतो, आणि पुष्कळदा चुकीच्या ठिकाणी नेऊन सोडतो. हे गृहस्थ एक शब्द जास्त बोलले नाहीत, पण बस आल्यावर मागे वळून मला हाताने खूण मात्र केली. दोन्ही रीतींचे आपापले फायदे आहेत.

स्नेहल आळंदी रस्त्यालगतच्या एका सोसायटीत लेलेकाकूंकडे खोली घेऊन राहते. काकू साठीच्या, एकट्या, ताठ. आम्हाला पाणी देतानाच म्हणाल्या, "आलात ते बरं केलंत. पंधरा दिवस गच्चीवर ती पेटी टुकटुक करते आहे. मी आधी घूस समजून पिंजरा लावला होता."

पेटी जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी, काळ्या कागदात गुंडाळलेली. आत प्लास्टिकच्या दोन वड्या एकीवर एक. एखादा कण दोन्हींतून आरपार गेला की लाल दिवा लुकलुकतो आणि टुक असा आवाज येतो. हे कण म्हणजे म्युऑन. अंतराळातून प्रोटॉन येतात, ते आपल्यापासून पंधरा-वीस किलोमीटर वर हवेवर आपटतात, आणि त्या आपटण्यातून जे निपजतं त्यातले बरेचसे म्युऑन होऊन खाली येतात. इलेक्ट्रॉनचाच भाऊ, पण दोनशेपट जड. हे सगळं स्नेहलने गच्चीच्या कठड्याला टेकून सांगितलं. मी तळहात पेटीवर धरला. टुक. हाताला काही जाणवलं नाही.

"आत्ता तुमच्या हातातून गेला, बाबा."

"दुखलं नाही."

"मिनिटाला शंभरेक जातात हातातून. जन्मापासून."

मग पाच मिनिटांचा गजर लावून मी मोजायला बसलो. एकोणपन्नास. पुन्हा मोजलं. एकसष्ट. तिसऱ्यांदा त्रेपन्न.

"पेटी बिघडली आहे," मी म्हणालो.

"पेटी ठीक आहे."

"मग एकच आकडा का येत नाही?"

"कारण ते एकमेकांना विचारून येत नाहीत. प्रत्येक जण आपापला येतो. साधारण पंचावन्न येत असतील तर त्याचं वर्गमूळ काढा, साडेसातच्या आत-बाहेर. तेवढं वर-खाली होणारच. तीनांतले दोन आकडे त्या पट्ट्यात पडतात, तिसरा बाहेर. तुमच्या तिन्हींत काही चूक नाही."

माझ्या कामात ताळा जुळला नाही तर कोणाची तरी चूक असते. मी म्हणालो, "म्हणजे कारण आहे, पण आपल्याला माहीत नाही."

स्नेहलने मान हलवली. "म्युऑन फार जगत नाही, मध्येच विरतो. कधी विरणार याची सरासरी पक्की आहे, पण एकेकट्याचं काही ठरलेलं नसतं. आपल्याला कळत नाही असं नाही बाबा, ठरलेलंच नसतं. शिवाय तो म्हाताराही होत नाही. पुष्कळ जगून झालेला म्युऑन आणि आत्ता जन्मलेला म्युऑन, दोघांचं पुढचं आयुष्य सरासरीने सारखंच."

मी बावन्न वर्षांचा आहे. मला त्याचा हेवा वाटला.

रात्री जेवायला काकूंनी गूळ घातलेली आमटी केली होती. आमच्याकडे आमटीत गूळ म्हणजे कोणाचा तरी हात चुकला असं समजतात. पुष्पाने सोबत आणलेला हिरव्या मिरचीचा ठेचा काढला. काकूंनी बोटभर चाखला, डोळे पुसले आणि शांतपणे विचारलं, "चांगला आहे. दुखऱ्या जागी लावायचा ना?" पुष्पा इतकी हसली की तिथून पुढे दोघींची गट्टीच झाली.

गुरुवार, खडकी

भुयारी मेट्रोच्या एका स्थानकात फलाटावर बसून मोजायची परवानगी स्नेहलला मिळाली होती, पण शुक्रवारी दुपारपुरतीच. त्याआधी गच्चीवरच्या वीस मोजण्या व्हायला हव्या होत्या, प्रत्येकी पाच मिनिटांची. पेटीची जादा बॅटरी रूपालीकडे खडकीला अडकली होती. म्हणून गुरुवारी सकाळी मी आणि स्नेहल खडकीला निघालो आणि गच्चीवरचं मोजणं पुष्पावर सोपवलं. काकू म्हणाल्या, "मी बसते त्यांच्यासोबत. तशीही मी दिवसभर काय करते, घूस ऐकते."

रूपालीचे वडील दारूगोळा कारखान्यात आहेत. क्वार्टर्स बैठ्या, जुन्या, भोवती मोठी झाडं आणि कमालीची शांतता. रूपाली खिडकीच्या जाळीमागे उभी होती, चेहऱ्यावर फोड. बॅटरी तिच्या आईने खिडकीतून दिली.

"काका, गच्चीवर किती येतात?" तिने विचारलं.

"एकोणपन्नास, एकसष्ट, त्रेपन्न," मी सांगितलं.

"छान," ती म्हणाली. असे आकडे ऐकून छान म्हणणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होतो.

स्टेशनाजवळ मिसळ खाल्ली. रस्सा तिखट आहे असं मालकाने बजावलं. तिखट नव्हता, पण चव होती, आणि बरोबर पाव. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव मागितला तर पाहुणा बाहेरचा आहे हे ओळखतात. खाता खाता मी हिशेब मांडला. स्नेहलनेच सांगितलं होतं की म्युऑन सरासरी दोन पूर्णांक दोन मायक्रोसेकंद जगतो, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग करून त्यातले दोन आणि थोडं. प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला तीन लाख किलोमीटरने पळाला तरी तेवढ्यात किती जाईल? सहाशे साठ मीटर. आणि यायचंय पंधरा किलोमीटरवरून.

"स्नेहल, यांच्यातला एखाददुसराच खाली पोचेल. मग पेटी वाजते कशी? तुमच्या पुस्तकात चूक आहे."

ती इतकी खूश झाली की तिने माझ्या पावाला आपला पाव जोडून दिला. "हाच तर प्रश्न आहे, बाबा. तुम्ही स्वतः काढलात. ते दोन पूर्णांक दोन कोणाच्या घड्याळाने?"

"घड्याळ ते घड्याळ."

"नाही. इतक्या वेगाने पळणाऱ्याचं घड्याळ आपल्याला मंद दिसतं. त्याच्या घड्याळाने त्याचं आयुष्य तेवढंच, आपल्या घड्याळाने कितीतरी लांब. तेवढ्यात तो खाली येतो."

"आणि त्याला स्वतःला काय वाटतं?"

"त्याला वाटतं, घड्याळ माझं ठीक आहे, पंधरा किलोमीटरच आखडलेत."

"म्हणजे एकाच व्यवहाराच्या दोन वह्या, आणि दोन्ही खऱ्या."

"हो."

"दोन वह्या ठेवणाऱ्याला आम्ही नोटीस काढतो."

बाजूच्या टेबलावरचे एक म्हातारे गृहस्थ मिसळ संपवून हात पुसत होते. जाताना स्नेहलला म्हणाले, "नोटीस मात्र नीट पत्त्यावर पाठवायला सांगा हो."

आम्ही परतलो तेव्हा गच्चीवर सतरंजीवर स्टीलच्या वीस वाट्या दोन रांगांत मांडलेल्या होत्या आणि वाट्यांत शेंगदाणे होते. गप्पांच्या नादात आकडा विसरायला होतो, म्हणून पुष्पाने युक्ती काढली होती: टुक झालं की एक दाणा वाटीत, गजर झाला की पुढची वाटी. वाट्या काकूंच्या, हळदीकुंकवाच्या. मी खाली बसलो आणि वाटीवाटीतले दाणे मोजून स्नेहलला सांगत गेलो. पंचावन्न. छप्पन्न. पंचावन्न. पंचावन्न. छप्पन्न. एकूण अकराशे आठ.

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. बारा वाट्या पंचावन्नच्या, आठ छप्पन्नच्या. शेवटी कोणीतरी नीट मोजलं. स्नेहल दमली होती, तिनेही नुसती सरासरी काढली, पंचावन्न पूर्णांक चार, आणि खूश होऊन चहा करायला गेली.

चहा पिताना मात्र माझ्या मनाला खुटखुट लागली. तपासणीला गेलो आणि एखाद्या दुकानाचा रोजचा गल्ला महिनाभर सारखाच दिसला, तर मी समजतो की वही एका बैठकीत लिहिली आहे. खऱ्या दुकानात सोमवार असतो, पाऊस असतो, लग्नसराई असते. आणि कालच माझ्या मुलीने मला वर्गमूळ शिकवलं होतं. वीस वाट्यांत एकही पन्नासच्या खाली नाही, एकही साठच्या वर नाही?

"पुष्पा," मी विचारलं, "दाणे टाकल्यावर पुन्हा हात लावला होतास का?"

"हाव. शेवटी नीट केले."

स्नेहलने कप खाली ठेवला. "नीट म्हणजे?"

"एका वाटीत सत्तेचाळीस, शेजारच्या वाटीत त्रेसष्ट. गजर झाला की दाणा कधी इकडं पडे, कधी तिकडं. मले वाटलं माह्याच हातून झालं. म्हणून जास्तीच्यातले काढून कमीच्यात टाकले. पंगतीत कोणी असं वाढते का, एकाले भरून अन् एकाले अर्धं?" मग आमचे चेहरे पाहून म्हणाली, "काऊन? एकूण तर तेवढेच हायेत. मी एक दाणा खाल्ला नाही."

"मी खाल्ला असता, पण त्यांनी खाऊ दिला नाही," काकू म्हणाल्या. "पुष्पाताईंचं वाटप अगदी न्यायाचं होतं. मी साक्षीदार आहे."

स्नेहल हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. "आई, सरासरी तूच बरोबर दिलीस. पण ते वर-खाली होणं, तोच माझा अर्धा प्रकल्प आहे. तेच तू वाटून टाकलंस."

पुष्पा वाट्या एकात एक घालायला लागली. मी म्हणालो, "उद्या सकाळी पुन्हा मोजू. सगळे मिळून."

शुक्रवार, गच्ची आणि भुयार

सकाळी उन्हं कोवळी असतानाच आम्ही चौघं गच्चीवर गेलो. पुष्पाने दाणे टाकायचे, काकूंनी गजर सांभाळायचा, मी दाणे मोजायचे, स्नेहलने लिहायचं. पहिली वाटी अठ्ठेचाळीस. दुसरी बासष्ट. पुष्पाचा हात दोन वाट्यांच्या मध्ये थांबला.

"हात मागे," काकू म्हणाल्या.

"मी कुठं काय केलं?"

"विचार केलात. मी पाहिलं."

सातवी वाटी एक्केचाळीसवर थांबली तेव्हा पुष्पा तिच्याकडे आजारी मुलाकडे बघावं तशी बघत होती. अकरावीत सत्तर आले तेव्हा काकूंनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी कपडे वाळत घालता घालता विचारलं, "काय चाललंय?" काकूंनी ओरडून उत्तर दिलं, "पंगत बसली आहे. वाढणारा लहरी आहे." एकूण एक हजार त्र्याण्णव भरले. आदल्या दिवशीपेक्षा पंधरा कमी. कचेरीत पंधराचा फरक पडला असता तर मी जेवलो नसतो. इथे अकराशेचं वर्गमूळ काढलं, तेहतीस आलं, आणि पोटभर जेवलो.

दुपारी मेट्रो. सरकते जिने खाली खाली जात राहतात, वरचा गरम रस्ता मागे पडतो आणि अंगाला थंड हवा लागते. तपासणीच्या यंत्रातून पेटी गेली आणि सुरक्षारक्षक उठून आला. स्नेहलने परवानगी दाखवली. त्याने ती दोनदा वाचली.

"म्युऑन म्हणजे काय?"

"आकाशातून येणारे कण."

त्याने छताकडे बघितलं. "इथं खाली?"

"काही पोचतात. तुमच्यातूनही जातात."

"ड्यूटीवर असताना?"

"ड्यूटीवर असतानाही."

त्याने विचार केला आणि आमच्यासाठी बाकाचा कोपरा मोकळा करून दिला. फलाटावर वाटी-दाणे शोभले नसते, म्हणून तिथे मी बोटांच्या पेरांवर मोजलं. पेटी जणू दमली होती. टुक, मग कितीतरी वेळ काही नाही, मग लागोपाठ तीन. एकदा सव्वीस, एकदा चौदा. सरासरी जेमतेम वीसच्या वर. म्हणजे निम्म्याहून जास्त वरच्या काँक्रीटने आणि मातीने अडवले होते, आणि उरलेले मात्र डोक्यावरचं सगळं शहर, रस्ता, माणसं, छप्पर ओलांडून आमच्या मांडीवरच्या पेटीत उतरत होते. ते बघताना मला जो आनंद झाला तो कोणत्याही ताळ्याने झालेला नाही. गाडी आली की रक्षक दुरूनच बोटांनी विचारायचा, किती? मी बोटांनीच सांगायचो.

संध्याकाळी घरी एकच वाद झाला. गुरुवारच्या वाट्यांचं परीक्षकांना सांगायचं की नाही. पुष्पा म्हणाली, "नको सांगू. माही फजिती होईल ती होईल, तुही जागा जाईल." मी म्हणालो, सांगायला हवं, मोजणी दोनदा झाली हे लपवणं बरोबर नाही. स्नेहलने आम्हा दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठरवते." काय ठरवलं ते सांगितलं नाही.

शनिवार, परीक्षा

आम्ही दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. दार उघडं होतं. आत मॅडम आणि बाहेरून आलेले परीक्षक, जाड चष्म्याचे, आवाज खणखणीत. स्नेहलने आधी पेटी दाखवली, मग गच्ची आणि भुयार सांगितलं. मग भिंतीवर एक तक्ता आला. पंचावन्न, छप्पन्न, पंचावन्न, पंचावन्न. पुष्पाने माझं मनगट धरलं.

परीक्षक म्हणाले, "हे आकडे बनावट आहेत."

स्नेहल म्हणाली, "हो सर. सरासरी खरी आहे, वाटणी बनावट आहे." आणि तिने शेजारी शुक्रवारचा तक्ता लावला. "दोन्हींची सरासरी जवळजवळ एकच. फक्त सरासरी बघितली असती तर मला कधीच कळलं नसतं. निसर्ग मोजतो तेव्हा असं दिसतं, माणूस वाटतो तेव्हा तसं."

"आणि हा माणूस कोण?"

"माझी आई."

"का केलं असं त्यांनी?"

"कोणाला कमी पडू नये म्हणून."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. परीक्षक दारात आले आणि पुष्पासमोर उभे राहिले. ती उठली, पदर सावरला.

"ताई, निसर्गाने तुमच्यासारखं वाढलं असतं ना, तर सगळ्यांचं पोट भरलं असतं," ते म्हणाले. "पण मग शोधायला काही उरलं नसतं, आणि आमची नोकरी गेली असती. आत येऊन बसा."

शेवटी मॅडमनी मलाही विचारलं, काही शंका आहे का. मी म्हणालो, "एकच. एखादा म्युऑन कधी विरणार हे आपल्याला कळत नाही, की कळण्यासारखंच नाही?"

"आजवर जे समजलंय त्यावरून, कळण्यासारखंच नाही."

"मग तुम्हाला झोप कशी लागते?"

"सरासरीच्या भरवशावर," मॅडम म्हणाल्या.

जागा स्नेहलचीच, पण एका अटीवर. वीस मोजण्या फार थोड्या, पुढच्या आठवड्यात दोनशे हव्यात, मग मॅडम सही करणार. रूपालीचे फोड अजून सुकले नव्हते. मला सोमवारी कचेरी होती. पुष्पाने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "मी थांबते." लेलेकाकूंनी त्याच दुपारी दोन किलो शेंगदाणे आणले.

तर मी एकटाच परतलो. स्वतःच्या हातची आमटी खातो आहे. काल संध्याकाळी पुष्पाचा फोन आला. दोनशेवी वाटी झाली, मॅडमनी सही केली, स्नेहल काकूंसोबत पेढे आणायला गेली आहे. मी विचारलं, शेवटचे आकडे कसे आले?

"एका वाटीत अडतीस आले, अन् लगेच पुढच्या वाटीत एकाहत्तर."

"मग?"

"मंग काय," पुष्पा म्हणाली. "हात लई शिवशिवले. पण तसेच ठेवले."